दुखरा फोड, केसतूड की गळू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठणकणारा, लाल, गरम लागणारा उंचवटा अंगावर आला की बहुतेक घरांत दोन टोकांचे सल्ले मिळतात: एक म्हणजे ‘काही लावू नकोस, आपोआप फुटेल’, आणि दुसरा म्हणजे ‘मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आण’. दोन्ही सल्ल्यांत एक प्रश्न राहून जातो. आत पू साचला आहे का? साचला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते, नसेल तर कापून उपयोग नाही. खालची बहुतेक उत्तरे याच प्रश्नाभोवती फिरतात.

केसतूड, गळू आणि काळपुळी यांत फरक काय?

तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच जंतू असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८८० मध्ये गळवातल्या पुवात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकपुडीत निमूटपणे राहत असतो. दाढी करताना, घट्ट कपडा घासून किंवा खाजवून त्वचेला बारीक चीर गेली की तो केसाच्या मुळाशी उतरतो.

केसाच्या तोंडाशीच बारीक, पांढऱ्या टोकाची पुळी आली तर ती वरवरची सूज असते. दोन-चार दिवसांत ती बहुधा विरते. संसर्ग केसाच्या मुळापर्यंत खोल गेला, वाटाण्यापासून सुपारीएवढी कठीण, दुखरी गाठ झाली आणि मधोमध केस दिसला की ते केसतूड. पू त्वचेखाली पोकळी करून साचला की ते गळू. काही भागांत त्यालाच बेंड म्हणतात. शेजारशेजारची अनेक केसतुडे आतून एकमेकांना मिळाली आणि वर चाळणीसारखी बरीच तोंडे दिसू लागली की ती काळपुळी. ती बहुधा मानेच्या मागे, पाठीवर किंवा मांडीवर येते, चाळिशीपुढच्या माणसांत जास्त दिसते आणि तिच्यामागे मधुमेह असण्याची शक्यता मोठी असते. काळपुळीवर घरी शेकत बसू नये.

चौथी एक गोष्ट यांच्यात मिसळली जाते. तिच्यात गाठ नसते, नुसता लाल, गरम, दुखरा पट्टा पसरत जातो, बहुधा नडगीवर किंवा पावलावर. हा त्वचेच्या आतल्या थरांचा पसरता संसर्ग, डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. त्यात पुवाची पोकळी नसते, म्हणून कापण्यासारखे काही नसते. इथे गोळ्या लागतात, कधी शिरेतून औषध लागते. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की त्या भेगांतून हा संसर्ग आत शिरतो. चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावून बेचके कोरडे ठेवले नाही तर बरा झालेला पाय पुढच्या पावसात पुन्हा सुजतो.

आत पू झाला आहे हे घरी कसे ओळखायचे?

पहिले दोन-तीन दिवस गाठ कडक असते. दुखते, पण दाबली तर दगडासारखी लागते. साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी ती मधोमध मऊ पडते, त्वचा पातळ आणि चकचकीत होते, पिवळट टोक दिसते. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर जाणवतो आणि रात्री वाढतो. गाठीच्या दोन बाजूंना दोन बोटे हलकी ठेवा. एका बोटाने किंचित दाबल्यावर दुसरे बोट वर उचलले गेल्यासारखे वाटले तर आत द्रव आहे.

ही खूण नितंबावर, स्तनात किंवा तळव्यासारख्या जाड कातडीखाली फसवते. तिथे पू खोल असतो आणि वरून कडकच लागते. अशा वेळी सोनोग्राफी दोन मिनिटांत उत्तर देते. उलट, टोक पिवळे दिसते म्हणजे सगळे पिकले असेही नाही. टोकाशी थेंबभर पू आणि खाली कच्ची, कठीण सूज असे पुष्कळदा असते. अशी गाठ घाईने कापली तर पू थेंबभर येतो आणि रक्तच जास्त.

घरी काय करावे आणि किती दिवस?

गाठ २ सेंमीपेक्षा लहान, ताप नाही, चेहऱ्यावर नाही, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू नाही, असे असेल तर तीन दिवस घरी पाहायला हरकत नाही. या दिवसांत खरे काम करतो तो ओला शेक.

स्वच्छ सुती रुमाल उकळून घ्या. सोसवेल इतक्या गरम, पण चटका न बसणाऱ्या पाण्यात बुडवून पिळा आणि गाठीवर १० ते १५ मिनिटे ठेवा. गार होत आला की पुन्हा बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा हे करा. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी जास्त येतात आणि गाठ एकतर बसते किंवा लवकर पिकून फुटते. दोन्ही चालेल. बरेच लोक दोन मिनिटे शेकून सोडून देतात आणि मग ‘शेकाने काही होत नाही’ म्हणतात.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्याने कोपर बुडवून तपासावी. पाय शेकताना चटका बसून नवीच जखम होण्याचे प्रकार घडतात. सुके गरम पॅड, इस्त्रीचा शेक, तव्यावर तापवलेले फडके यांनीही कातडी भाजते, ते टाळा.

दुखण्यासाठी प्रौढांनी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक किंवा दोन गोळ्या सहा-सहा तासांनी घ्याव्यात, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा दारू रोजची असेल तर मर्यादा बरीच खाली येते, ती डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते हिशोबात धरा.

तीन दिवसांत गाठ लहान होत नसेल किंवा वाढत असेल तर दाखवा.

सुई तापवून स्वतःच फोडले तर?

करू नका. दाबल्यावर पू वर येतो तसा खालीही ढकलला जातो. पिकण्याच्या काळात शरीराने पुवाभोवती एक भिंत उभी केलेली असते. दाबून ती फाटली की जंतू आजूबाजूच्या चरबीत आणि रक्तात जातात. शिवाय सुईचे भोक इतके बारीक असते की ते काही तासांत मिटते, वरचा थेंबभर पू येतो, बाकीचा आत राहतो. दोन दिवस बरे वाटते आणि मग दुप्पट सुजते.

नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण तर कधीच दाबू नका. तिथल्या शिरांचा संबंध डोळ्याच्या खोबणीतून कवटीच्या आतल्या शिरांशी आहे. क्वचित, पण संसर्ग त्या वाटेने मेंदूच्या तळापर्यंत पोहोचतो. नाकपुडीतला केस उपटल्यावर आलेली दुखरी पुळी लोकांना किरकोळ वाटते. डोळा सुजला, डोके जबर दुखले किंवा दोन-दोन दिसू लागले तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

गळू आपोआप फुटले तर मात्र घाबरू नका. हात धुऊन, स्वच्छ गॉजने आलेला पू टिपा, पिळू नका, शेक चालू ठेवा आणि कोरडी पट्टी बांधा.

वाट न पाहता दवाखान्यात कधी जायचे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, थंडी वाजून येणे. गाठीपासून काखेकडे किंवा जांघेकडे धावणारी लाल रेघ. काखेत किंवा जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी सुजलेली गाठ, येऊन हात हलवणे किंवा चालणेही अवघड होणे. गाठ चेहऱ्यावर, कण्यावर, गुदद्वाराजवळ, जननेंद्रियांवर किंवा हाताच्या तळव्यात असणे. ५ सेंमीच्या वर आकार. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असणे. तीन महिन्यांखालचे बाळ.

लाली पसरते आहे का हे डोळ्यांनी नीट कळत नाही, विशेषतः सावळ्या कातडीवर. तिथे लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते. म्हणून सुजलेल्या भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. सहा-आठ तासांनी सूज, गरमपणा रेघेबाहेर गेला असेल तर थांबू नका.

एक प्रकार मात्र तासांच्या हिशोबाचा असतो. दिसायला थोडेच, पण दुखणे असह्य. कातडी जांभळी-काळी पडते, पाण्याचे फोड येतात, दाबल्यावर कुरकुर जाणवते किंवा आधी दुखणारा भाग अचानक बधिर होतो, माणूस ग्लानीत जातो. हा मांस सडवणारा संसर्ग असू शकतो. १०८ वर फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या. इथे अँटिबायोटिक एकटे पुरत नाही, सडलेला भाग त्याच दिवशी काढावा लागतो.

पोटीस, हळद, चुना, बिब्बा: यातले काय चालते?

कणकेचे किंवा अळशीचे गरम पोटीस पिढ्यान्‌पिढ्या बांधले जाते, आणि त्यातला उपयोगी भाग म्हणजे टिकून राहणारी ओली उष्णता. कातडी अखंड असेल तर पोटीस चालते. फुटलेल्या जखमेवर नाही, कारण पीठ आत अडकते आणि जंतूंना खाऊ मिळतो.

हळदीतल्या घटकांचे जंतूविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसतात, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत ती भरली की डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते आणि पिवळ्या रंगाखाली लाली किती हे दिसत नाही. चुना कातडी जाळतो. तंबाखू, मशेरी, शेण, टूथपेस्ट यांना हात जोडा.

बिब्ब्याबद्दल जरा जास्त सांगायला हवे. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, भाजल्यासारखी जखम होते आणि काळा डाग वर्षानुवर्षे राहतो. गळवावर बिब्बा घातला म्हणजे एका जखमेच्या दोन होतात.

काळे मलम म्हणून मिळणारे इक्थॅमॉल लावल्याने नुकसान सहसा होत नाही, फायदा मर्यादित आहे. पोव्हिडोन आयोडीन भोवतालची कातडी स्वच्छ करायला ठीक, पण रोज जखमेच्या आत ओतू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते खरे, पण तो भरू लागलेल्या नव्या पेशीही मारतो.

सर्वांत जास्त नुकसान करतात त्या खाजेसाठी मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूब, ज्यांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते. लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून त्या गुणकारी वाटतात. खाली संसर्ग बिनबोभाट वाढत राहतो. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा, शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ दिसले तर आधी विचारा. बुरशीच्या काही औषधांची नावेही ‘झोल’ने संपतात, त्यात गोंधळू नका.

मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतले तर काय बिघडते?

पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. गोळी रक्तातून भिंतीपर्यंत पोहोचते, आत पुरेशी जात नाही. त्यामुळे होते असे की ठणका कमी होतो, गाठ विरत नाही, कडक होऊन बसते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा उसळते. तोवर जंतूंपैकी जे चिवट होते तेच उरलेले असतात.

निचरा केल्यानंतर गोळ्या हव्यात का यावर बरीच वर्षे वाद होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ५ सेंमीपर्यंतची गळवे कापून निचरा केला. सोबत क्लिंडामायसिन किंवा कोट्रायमॉक्साझोल दिलेल्यांपैकी सुमारे ८२-८३ टक्के बरे झाले, नुसता निचरा केलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के. म्हणजे गोळ्यांनी भर पडते, पण दहातल्या जवळपास सात जणांना निचराच पुरला. त्या गोळ्यांनी जुलाब आणि पुरळही येतात. म्हणून डॉक्टर आकार, ताप, मधुमेह बघून ठरवतात.

दिली तर बहुधा ५ ते ७ दिवस. क्लॉक्सॅसिलिन, सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ही नेहमीची नावे. चिवट स्टॅफचा संशय असेल तर डॉक्सिसायक्लिन, कोट्रायमॉक्साझोल किंवा क्लिंडामायसिन. सल्फाची ॲलर्जी असेल तर कोट्रायमॉक्साझोल चालत नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना एरवी टाळतात. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून व्रण पडतो. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे औषध. शेजाऱ्याच्या उरलेल्या चार गोळ्या हा उपचार नव्हे.

‘छोटीशी चीर देऊ’ म्हणतात, तेव्हा नक्की काय करतात?

भोवतालची कातडी आयोडीन किंवा क्लोरहेक्झिडिनने पुसतात. मग लिग्नोकेनचे इंजेक्शन. इथे लोकांची तक्रार असते की भूल लागलीच नाही. ती खरी असते. सुजलेल्या, पिकलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे लिग्नोकेन नसांत नीट शिरत नाही. म्हणून जाणता डॉक्टर गळवात सुई न टोचता भोवती कड्यासारखी भूल देतो आणि काही मिनिटे थांबतो. त्या थांबण्याची घाई करू नका.

चीर त्वचेच्या नैसर्गिक रेषांच्या दिशेने देतात. ती पोकळीच्या मानाने पुरेशी लांब हवी. ‘जरा लहानच द्या’ असा आग्रह रुग्णच धरतात, आणि लहान चीर लवकर मिटते, पू पुन्हा साचतो. चीर दिल्यावर आतले कप्पे मोडतात, कारण मोठे गळू एकाच पोकळीचे क्वचितच असते. मग सलाइनने धुतात. थोडा पू डबीत घेऊन जंतू-तपासणीला पाठवायला सांगा, विशेषतः दुसऱ्यांदा गळू आले असेल किंवा आधी गोळ्या खाऊन झाल्या असतील तर. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात.

लहान गळवात गॉजची वात भरायची गरज नसते. ती काढताना दुखते आणि त्याने गळू लवकर बरे होते असे नाही. मोठ्या पोकळीत मात्र ती सैल घालतात आणि २४ ते ४८ तासांत काढतात किंवा बदलतात. टाके घालत नाहीत. जखम तळापासून भरून वर यावी लागते.

घरी पट्टी कशी बदलायची?

हात साबणाने धुवा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ घालून सलाइन करा. ते त्याच दिवशी वापरून संपवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून दोन मिनिटांनी काढा. जखमेवर सलाइन सोडा, गॉजने कडा टिपा, कोरडी गॉज ठेवून कागदी चिकटपट्टी लावा. कापूस थेट जखमेवर नको, तंतू अडकतात. पहिल्या दोन दिवसांत पट्टी भिजेल तेव्हा, पुढे दिवसातून एकदा बदला. आंघोळ चालते, नंतर पट्टी बदला.

पातळ, किंचित लालसर पाणी येणे ठीक. घट्ट, दुर्गंधीचा पू पुन्हा येऊ लागला किंवा ठणका परतला तर आत कप्पा राहिला आहे.

साखर नॉर्मल आहे, तरी तपासायला का सांगतात?

कारण ‘नॉर्मल आहे’ हे पुष्कळदा तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीवर म्हटलेले असते. मधुमेह असल्याचे पहिल्यांदा गळवामुळेच कळले, असे बरेच जण भेटतात. उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह मानतात. संसर्गामुळे साखर तात्पुरती चढते, म्हणून एकट्या आकड्यावर न थांबता सरासरीची तपासणी करून घ्यावी.

आधीच मधुमेह असणाऱ्यांनी गळू असताना साखर रोज मोजावी. दुखण्यामुळे जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

आंबे खाल्ल्याने गळू येते का? उष्णता झाली म्हणतात ती हीच का?

आंब्याचा मोसम आणि घामाचा मोसम एकच. घाम, घामोळे, खाजवणे आणि घट्ट कपडे यांनी जंतूला वाट मिळते, दोष जातो हापूसला. आंब्याच्या देठाजवळच्या चिकाने मात्र ओठांभोवती पुरळ उठू शकते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तो चीक लागून झालेला दाह असतो, त्यात पू नसतो. आंबा धुऊन, देठाकडचा चीक काढून खा. मधुमेह असेल तर आंबा मोजून खायचा, पण त्याचे कारण गळू नाही.

गळवे पुन्हा पुन्हा का येतात?

दर वेळी वेगवेगळ्या जागी येत असतील तर जंतू नाकात किंवा घरात कुणाकडे तरी मुक्कामाला आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकपुड्यांत म्युपिरोसिन २ टक्के मलम दिवसातून दोनदा, ५ दिवस, आणि त्याच ५ दिवसांत क्लोरहेक्झिडिन ४ टक्क्यांच्या द्रवाने रोज आंघोळ असा क्रम देतात. डोळ्यांत आणि कानांत तो द्रव जाऊ द्यायचा नाही. त्याच दिवसांत टॉवेल, अंतर्वस्त्रे, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. घरातल्या एकट्याने केले आणि बाकीच्यांनी नाही, तर महिन्याभरात फिरून तेच.

दर वेळी एकाच जागी येत असेल तर विचार बदलायला हवा. गुदद्वाराजवळ वारंवार फुटत असेल तर भगंदर. माकडहाडावर खळगा किंवा केसांचा झुपका असेल तर पायलोनिडल सायनस, म्हणजे केस कातडीत रुतून झालेली वाहती पोकळी. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये धक्के खात फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका दिसला की त्याला ‘जीप रोग’ म्हणू लागले. आज तासन्‌तास बसून गाडी चालवणाऱ्यांतही तो दिसतो. दोन्हींना वरवरचा निचरा पुरत नाही, शल्यचिकित्सकच लागतो. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला असेल तर जखम महिनोन्‌महिने वाहते. लाकडी काटा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडतो.

दोन्ही काखांत, जांघांत, स्तनाखाली आलटून पालटून गाठी, वण आणि आतून जोडलेली भोके असतील तर तो हायड्राडेनायटिस असू शकतो. तो मुळात अस्वच्छतेचा आजार नाही, जंतूंचाही नाही, केसांची मुळे बंद होऊन उठणारा दाह आहे. वर्षानुवर्षे लोक त्याला ‘काखमांजरी’ समजून दर वेळी कापून घेतात आणि संकोचाने गप्प राहतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यासाठी वेगळे, लांब चालणारे उपचार आहेत. धूम्रपान आणि वजन दोन्ही त्याला खतपाणी घालतात.

गळवासारखे दिसणारे पण गळू नसलेले काय असू शकते?

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आलेले, आग होणारे पाण्याचे फोड ही नागीण. तिचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर जास्त फायदा होतो.

मुलांच्या नाकाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या दिसल्या तर तो इम्पेटिगो. वरवरचा, पण फार पसरणारा. थोडा असेल तर म्युपिरोसिन मलम पुरते.

मानेवर किंवा काखेत मोठी गाठ, पण गरम नाही, लाल नाही, फारशी दुखत नाही, सोबत वजन घटणे किंवा संध्याकाळचा ताप असे असेल तर क्षयाचे ‘थंड गळू’ असू शकते. ते साध्या गळवासारखे कापले तर वाहते छिद्र राहते. सुईने द्रव काढून क्षयाची तपासणी करतात.

ताप, डोकेदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, शेतात किंवा गवतात काम केल्यावर: हा स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. चिगर नावाच्या बारीक किड्याच्या दंशाची ती जागा रुग्णाला माहीतही नसते, अंग तपासूनच सापडते. डॉक्सिसायक्लिनने तो लवकर आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम दुखत नाही म्हणून ती साधी समजू नका. न दुखणे हीच तिथली अडचण.

बाळाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला झाले तर?

मुलांना पॅरासिटामॉल वजनावर: एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. चूक होते ती बाटलीत. ५ मिलीत १२० मिग्रॅचे सिरप असेल तर सव्वासहा मिली लागते, २५० मिग्रॅचे असेल तर ३ मिली. लेबल न वाचता ‘एक झाकण’ देऊ नका.

स्तनात गळू झाले तर दूध थांबवू नये, थांबवले की तुंबून दुखणे वाढते. बाळाला पाजत राहावे. चिरेच्या जागेमुळे त्या बाजूला पाजणे जमत नसेल तर दूध हाताने किंवा पंपाने काढावे. बऱ्याचदा सोनोग्राफीत पाहून सुईने पू काढता येतो, चीर टळते.

हे घरात इतरांना लागते का?

पुवातून लागते. पट्टीने झाकलेले गळू घेऊन शाळेत, कामावर जाता येते. टॉवेल, रेझर, साबणाची वडी, अंथरूण वेगळे ठेवा. सलूनमध्ये नवे ब्लेड समोर फोडून घ्या. फुटलेल्या गळवाने तलावात पोहणे, आखाड्यात कुस्ती खेळणे बंद.

हाताला पिकलेली जखम असेल तर स्वयंपाक दुसऱ्याकडे द्या, निदान पट्टीवर हातमोजा घाला. स्टॅफ अन्नात वाढून विष सोडतो आणि ते विष अन्न पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. लग्नाच्या जेवणानंतर अर्ध्या ते आठ तासांत पंगतीच्या पंगती उलट्या करू लागतात, त्यामागे कधीकधी वाढप्याच्या किंवा आचाऱ्याच्या बोटावरचे नखुरडे असते.

धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायलाच हवे का?

आपोआप आलेल्या केसतुडासाठी दर वेळी नाही. काटा, पत्रा, माती लागून झालेल्या जखमेला, शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर घ्यावा. एरवी दर १० वर्षांनी एक. आता सरकारी दवाखान्यांत धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवरची टीडी लस देतात. या लशीने गळू बरे होत नाही, हेही अनेकांना सांगावे लागते.

बरे झाले, पण कडक गाठ आणि काळा डाग राहिला. काय करायचे?

कडकपणा काही आठवड्यांत बसतो. चोळू नका. डाग सावळ्या कातडीवर काही महिने टिकतो, तेवढे दिवस उन्हापासून झाकला तर लवकर फिकट होतो. दोन महिन्यांनंतरही गोल, हलणारी गाठ हाताला लागत असेल आणि तिच्यावर काळा ठिपका असेल तर ती बहुधा कातडीखालची पिशवीची गाठ (सिस्ट) आहे, जी मधे पिकली होती. ती शांत असतानाच, पिशवीसकट काढून घ्यावी. पिकलेली असताना पिशवी फाटते, तुकडा मागे राहतो आणि गाठ परत येते.